तिसऱ्या हाकेपर्यंत

३० जानेवारी २००५, रविवार
सनीव्हेल

पोहोचले एकदाची! पाय सुजलेत, कानात अजून विमान घोंघावतंय, पण मन इतकं हलकं झालंय की झोपावंसंच वाटत नाही. विमानतळावर सिद्धेश अगदी पुढे उभा होता. मला बघितल्याबरोबर त्याने भर गर्दीत आई, आई, आई अशा तीन हाका ठोकल्या. लोक वळून बघायला लागले. मी ओ देण्याच्या नादात सामानाची गाडी एका गोऱ्या बाईच्या पायावरच घालणार होते.

घर पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, गालिचा असा जाड की आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत नाही. खिडकीतून एक संत्र्याचं झाड दिसतं. संत्री पिकून खाली पडलीत आणि कोणी उचलत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. सिद्धेश म्हणाला, आई, आल्या आल्या लोकांची संत्री गोळा करू नकोस, प्लीज.

दारात शिरण्याआधी तो बूट दोनदा आपटतो. थप, थप. कोकणात पोफळीला राहायचो तेव्हा पावसाळ्यात चिखल झाडून आत यायची सवय मीच लावली होती. इथे दारात चिखलाचा ठिपका नाही, तरी थप थप चालूच. मी आत चहाचं आधण ठेवत होते. तो आवाज आला आणि उगीचच डोळे भरले. बूट आपटणारी दोन माणसं होती आमच्या घरात. हे गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

सूनबाई घरी नाही. नेत्राच्या कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला पाठवलंय. फोन मात्र रोज करते. आज म्हणाली, आई, तुम्ही आलात, आता हा रोज पिझ्झा खाणार नाही.

ही वही तिनेच जाताना माझ्यासाठी टेबलावर ठेवली होती. लहानपणी माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की सिस्टर ऑगस्टा बाकावर उभं करायच्या. त्यामुळे दिवसभराचं साठलेलं मराठी मी गुपचूप वहीत उतरवायचे. ती सवय गेली नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

आज सिद्धेशचा मित्र विनय, त्याची बायको दीपा आणि त्यांची छोटी मुलगी जेवायला आली होती. नागपूरची मुलं, मोकळी. मी वांग्याचं भरीत केलं, तर फोडणीच्या धुराने छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. विनय खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होता आणि म्हणत होता, काकू, चालू ठेवा, भरतासाठी फायर ब्रिगेड आली तरी चालेल.

तिळाच्या वड्या आणल्या होत्या, त्या दिल्या. संक्रांत होऊन गेली तरी रथसप्तमीपर्यंत तीळगूळ चालतो, असं मी सांगितलं. दीपाने पाच खाल्ल्या.

खाली उभी आहे ती जीप सिद्धेशची. जुनी घेतलीय, उंच चाकांची, पुढे लोखंडी दोर गुंडाळलेला. शनिवार-रविवारी ही मुलं डोंगरात जिथे रस्ता नाही तिथे मुद्दाम गाड्या घालतात. विनय म्हणाला, काकू, तुमच्या मुलाचं पहिलं लग्न या जीपशी झालंय, नेत्रा दुसरी. सिद्धेशने त्याला वडी फेकून मारली.

जेवताना दीपाने विचारलं, सिद्धेश तुम्हाला नेहमी तीनदा का हाक मारतो? मग मला पोफळीची गोष्ट सांगावीच लागली.

हे वीज मंडळात. पोफळीच्या वसाहतीत आमचं क्वार्टर अगदी शेवटचं, मागे रान. शेजारच्या रत्नाबाई मालवणच्या. त्या सांगायच्या, तिन्हीसांजेनंतर बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतं. ते दुसरं जे असतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. पण आपण ओ दिली की त्याला घर सापडतं. मी कॉन्व्हेंटची, मला हसू यायचं. आम्हाला शिकवलेलं बरोबर उलटं. हजेरीला पहिल्या हाकेला प्रेझेंट सिस्टर म्हटलं नाही, तर सिस्टर ऑगस्टा म्हणायच्या, मीनाक्षी, जी मुलगी पहिल्या हाकेला उठत नाही ती वेळेवर कुठेच पोचत नाही.

मग एका संध्याकाळी मागच्या दारी सिद्धूचा आवाज आला. आई. मी कडीला हात घातला. रत्नाबाई पिठाची वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. सिद्धू आत तापाने झोपला होता.

पुन्हा एकदा हाक आली. मग नाही.

त्या दिवसापासून मी त्याला शिकवलं, बाहेरून आलास की तीनदा हाक मारायची, तरच दार उघडीन. त्याने त्याचा खेळच केला. अमेरिकेतून फोन करायचा तेव्हाही आधी आई, आई, आई.

दीपाच्या अंगावर काटा आला. विनय म्हणाला, काकू, तुमचा रूल इथेही चालतो बघा. डोंगरात कोणी हरवलं तर शिट्टी तीनदा वाजवायची असते. शोधणारेही तीनदाच वाजवतात.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सिद्धेशने विचारलं, आई, तुला अमेरिकेत काय बघायचंय? मी म्हटलं, बर्फ.

शाळेत डिसेंबरमध्ये नाताळसाठी येशूच्या गोठ्याचा देखावा करायचे. छपरावर पसरायचा कापूस पिंजण्याचं काम माझ्याकडे होतं. मी सिस्टरना विचारलं होतं, खरा बर्फ असाच दिसतो का? त्या आयर्लंडच्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, त्याला आवाज नसतो.  तेव्हापासून मला ते बघायचंय. म्हणजे ऐकायचंय.

सिद्धेश खूष झाला. एकवीस तारखेच्या सोमवारी इथे सुट्टी आहे. मोठा वीकएंड. विनय आणि तो, दोन गाड्या घेऊन, सिएराच्या डोंगरात. दोन गाड्या का, विचारलं तर म्हणाला, नियमच आहे. बर्फात एकट्या गाडीने कधी जायचं नाही. एक अडकली तर दुसरी ओढते.

त्याच्यासाठी लाल लोकरीची कानटोपी विणते आहे.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी विनयचा फोन. त्यांच्या मुलीला ताप आलाय, ते येत नाहीत. सिद्धेशला म्हणत होता, यार, तूही कॅन्सल कर, पुढच्या आठवड्यात जाऊ. सिद्धेश माझ्याकडे बघत होता. मी तेव्हा पोळ्या डब्यात भरत होते. माझा चेहरा पडला असणार. मला चेहरा लपवता येत नाही.

तो फोनवर म्हणाला, नाही रे, आईला बर्फ दाखवायचाय. सोप्या रस्त्याने जातो.

मी म्हणायला हवं होतं, राहू दे. म्हटलं नाही. टोपीचा गोंडा शिवायचा राहिला होता, तो शिवायला बसले.

१९ फेब्रुवारी, शनिवार
दुपार, गाडीत

बर्फ पाहिला. आधी तेच लिहिते, नाहीतर पुढचं लिहिताना ते राहून जाईल.

हमरस्ता सोडून आम्ही फॉरेस्टच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि पाइनच्या झाडांखाली सगळं पांढरं झालं. सिद्धेशने एके ठिकाणी इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि म्हणाला, आई, ऐक. सिस्टरांचं खरं होतं. इतकी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. फांदीवरचा बर्फ खाली पडला तेवढाच एक सुस्कारा. मी हातमोजा काढून बर्फ हातात घेतला, लहान मुलीसारखा जिभेला लावला. सिद्धेशने फोटो काढला. बाबा हवे होते, म्हणाला. मग काच वर करत म्हणाला, बाबांच्या वेळी मी पोचलो नाही. तुझ्या बाबतीत तसं होणार नाही, आई. कुठेही असलो तरी येईन. मी म्हटलं, आज सणासारखा दिवस आहे, असलं बोलू नकोस.

पुढे फाटा आला. तो म्हणाला, इथून वळू या? मी म्हटलं, अजून थोडं पुढे.

थोडं पुढे ओहोळ होता. वर बर्फाची साय, खाली पाणी. सिद्धेशला वाटलं, उथळ आहे. पुढची चाकं साय फोडून आत गेली, पाणी बॉनेटवर आलं, इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. त्याने लोखंडी दोर काढून झाडाला बांधला. तो दोर बॅटरीच्या जोरावर गाडी ओढतो. गाडी ओहोळातून निघाली, पण पलीकडच्या काठावरच बसली, इंजिन काही लागेना. लावता लावता बॅटरीही संपली. आता हीटर नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. मोबाइलला रेंज तर कधीच गेली होती.

आम्ही पोळी-भाजी खाल्ली, उरलेल्या तिळाच्या वड्या खाल्ल्या. हसलोसुद्धा. तो म्हणाला, विनय वर्षभर पिडणार आता.

हमरस्त्याच्या तोंडाशी एक बंद लाकडी केबिन दिसलं होतं, तिथे मोबाइल लागत होता. तो चालत तिथवर जाऊन येतो म्हणाला. मी येते म्हटलं, तर माझ्या गुडघ्यांकडे बघून हसला. दोन्ही ब्लँकेटं माझ्याभोवती गुंडाळली. जॅकेटला लावलेली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. अंधारायला लागलं आणि मला रस्ता दिसला नाही तर हाक मारीन, म्हणाला, तू शिट्टी फुंक, मी आवाजाच्या रोखाने येईन.

मी म्हटलं, तीनदा मारलीस तरच फुंकीन हं.

हो गं बाई, तीनदा, म्हणाला. लाल टोपी कानावर ओढली आणि गेला. ओहोळ ओलांडून, खाली, ज्या वाटेने आलो त्या वाटेने. वळणावर हात केला.

आता बर्फ पडायला लागलाय. बारीक, पिंजलेल्या कापसासारखा. सुंदर दिसतोय.

१९ फेब्रुवारी
तिन्हीसांज

बर्फ वाढला. ओहोळ दिसत नाही. समोरचं झाडही नाही. काचा माझ्याच श्वासाने आतून गोठल्यात, नखाने खरवडून भोक पाडलंय.

आत्ता हाक आली.

आई.

पण उलट बाजूने आली. वरच्या बाजूने, जिथे नुसतं रान आहे. सिद्धेश खाली गेलाय. आवाज जाड होता, तोंडात काही धरून बोलावं तसा. आई आणि शेवटी नुसता वारा.

मी शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि थांबले. पोफळीचं मागचं दार आठवलं. मनगटावर रत्नाबाईंची बोटं जाणवली, खरंच जाणवली.

दुसरी हाक जरा वेळाने आली. जवळून. मी दाराचं बटण दाबून कुलूप लावलं. आता तिसरी येईल, म्हटलं. सिद्धू असेल तर येईल. त्याने कबूल केलंय.

श्वास धरून बसले.

आली नाही.

काहीतरी बर्फात घसटत गेल्यासारखं वाटलं. लांब गेलं. बरं झालं मी ओ दिली नाही. सिद्धेश आला की त्याला सांगेन, तुझी आई अजून शहाणी आहे.

२० फेब्रुवारी, रविवार
सकाळ

सिद्धेश आला नाही. केबिनमध्ये थांबला असेल. रात्री अशा बर्फात कोण निघेल. तिथून फोन केला असेल. नेत्राला कळलं असेल. येतीलच.

ऊन पडलंय. दार ढकलून उघडलं. गाडीच्या वरच्या अंगाला चढावर एक पडलेलं झाड आहे. तिथे लाल काहीतरी

लिहिते. लिहायला हवं.

टोपी आहे. माझी. गोंडा काल रात्रीच्या बर्फात निम्मा बुडालेला. तिथपर्यंत पावलं आहेत, बुजलेली, वरून रानातून आलेली. वेडीवाकडी. कुठे गुडघे टेकल्याच्या खुणा. वाट चुकून तो वरून फिरून आला होता. पडलेल्या झाडापाशी उभा राहिला होता, बराच वेळ, तिथला बर्फ तुडवलेला आहे. तिथून ही गाडी आपल्या दारापासून अंगणातली तुळस असते तेवढीच लांब. फक्त काल काही दिसत नव्हतं.

तिथून पावलं डावीकडे गेली आहेत. घळीकडे.

दोनदा हाक मारली त्याने. तिसरीला श्वास उरला नसेल.

शिट्टी माझ्या गळ्यात होती.

२० फेब्रुवारी
दुपार

घळीकडे गेले. कमरेएवढा बर्फ. पडले. परत पडले. काठापर्यंत पोचता येत नाही. सिद्धेश, सिद्धू, सोन्या, सगळ्या नावांनी हाका मारल्या. शिट्टी फुंकली. तीन, तीन, तीन. ओठ फुटून शिट्टीला रक्त लागलंय. खालून काही नाही. बर्फाला आवाज नसतो.

सरपटत परत आले. टोपी छातीशी धरलीय. वाळत नाही.

मी त्याला ते शिकवलं नसतं तर. मी त्याची आई, मी त्याला घरात यायला अट घातली.

२० फेब्रुवारी
तिन्हीसांज

हाक आली!

चढावरून. आई. मी लगेच ओ दिली. ओ, सिद्धू, ओ! शिट्टी फुंकली, दार बडवलं. जिवंत आहे माझा मुलगा. पुन्हा आली, अगदी झाडापाशी. मी काच खरवडून बघितलं. बर्फ पडत नाही, उजेड आहे अजून, सगळं स्वच्छ दिसतंय.

झाडापाशी कोणी नाही.

थांबले. ओ देत राहिले.

आवाज—आवाज त्याचाच होता. पण आजचा नाही. दुसरीतल्या सिद्धूचा. पुढचे दात पडले होते तेव्हाचा.

मी ओ दिली. आता त्याला घर सापडलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार
सकाळ

बोटं धड वळत नाहीत. अक्षर बघून सिस्टर ऑगस्टा रागावतील.

झाडापासून गाडीपर्यंत बर्फ कोरा आहे. कालपासून पडलेला नाही. माझ्या सरपटण्याची खूण आहे तेवढीच. दुसरं पाऊल नाही.

पण चढाकडच्या दारापाशी, पायरीवर, बर्फाचे दोन छोटे ढीग. बूट आपटल्यावर पडतात तसे.

पहाटे ऐकलं होतं मी ते. थप, थप. वाटलं, स्वप्न.

२१ फेब्रुवारी
दुपार

हेलिकॉप्टर. दूर, डोंगरापलीकडे. म्हणजे नेत्राने कळवलं. शहाणी माझी पोर. माझी निळी शाल टपावर टाकली. परत ढग आले. परत बर्फ.

शोधतायत. सापडेन मी. नेत्राला काय सांगू. तुझ्या नवऱ्याने हाक मारली आणि मी मोजत बसले, हे कुठल्या भाषेत सांगू.

भीती वाटतेय. रत्नाबाई म्हणायच्या, एकदा ओ दिलीस की ते दारापर्यंत येतं, पण आत घेतल्याशिवाय येऊ शकत नाही. दार उघडायचं नाही.

कुलूप पुन्हा तपासलं. चारी दारं.

मग वाटलं, कोणाला बाहेर ठेवते आहेस, मीनाक्षी?

२१ फेब्रुवारी
उजेड जातोय

आहे. दाराशी आहे.

थप, थप झालं. मग काहीच नाही. काचेपलीकडे उंच सावली. बोडकी. टोपी माझ्याकडे आहे.

इतक्या थंडीत माणूस बोलला की तोंडातून वाफ येते. काचेवर वाफ फक्त आतून आहे.

आई, म्हणाला.

दात पडलेला आवाज. मी म्हटलं, सिद्धू, तिसऱ्यांदा हाक मार रे राजा. एकदाच मार. तीन झाल्या की मी उघडीन. आपला खेळ ना तो?

गप्प.

मारायची असती तर मारली असती—मारता येत नाही त्याला—

---

खाली दिवे! ओहोळापलीकडे, हलतायत. माणसं. कोणीतरी इंग्रजीत ओरडतंय.

शिट्टी. एक, दोन, तीन.

थांबले. माझ्या उत्तराची वाट बघतायत. पुन्हा. एक, दोन, तीन.

तीनदा. म्हणजे माणसं. रत्नाबाई, तुमचा नियम खरा हो. अगदी खरा. आता मला पक्कं कळलं, खाली कोण आहे आणि दाराशी कोण.

एकदा फुंकली की येतील. ब्लँकेटं, गरम पाणी, नेत्राचा आवाज. शिट्टी हातात आहे—

दाराशी रडणं. हळू. चुकलेलं पोर रडतं तसं. थंडी वाजतेय म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही, नुसता—

मी फुंकली तर माणसं येतील आणि तो जाईल. पुन्हा बाहेर. पुन्हा बाहेरच. माझ्याच दारातून.

शिट्टी सीटवर ठेवली. नेत्रा, बाळ, रागावू नकोस—

दिवे डावीकडे चाललेत, घळीकडे—त्यांना तो सापडेल. मला माहीत आहे कसा सापडेल. पण इथे—

आई.

एकच.

नाही मोजायचं. प्रेझेंट, सिस्टर. पहिल्या हाकेला—

कुलूप निघत नाही, बोटं—निघालं—

ओ, सिद्धू. ओ रे. आले. ये आत. बूट झाडत बसू नकोस, तसाच ये, तसाच, बा